कडूबाईचं टेशन

वालूरच्या नागप्पाचं जगाविषयी एकच मत होतं आणि ते काही चांगलं नव्हतं. एसटी थांब्याच्या मागं पत्र्याच्या शेडात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच त्याची लायकी ठरलेली असायची. बिघडलेला रेडिओ ज्यानं घरी उघडून पाहिला तो गाढव, ज्यानं उघडायचीही हिंमत केली नाही तो भित्रा गाढव, आणि जो आधी सेलूच्या मेकॅनिककडं जाऊन मग इकडं आला त्याला नागप्पा बसायला स्टूलसुद्धा देत नसे.

"तुमाला जगात एक बी शहाना मानूस घावला न्हाई का?" त्याची बायको महादेवी विचारायची.

"घावला व्हता. मेला."

तो म्हणजे गफूर उस्ताद. परभणीच्या बाजारात उस्तादांच्या हाताखाली नागप्पानं सहा वर्षं काढली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, आणि जाताना उस्तादांनी त्याला दोन वस्तू दिल्या होत्या. एक सिग्नल जनरेटरची पेटी, म्हणजे हव्या त्या आकड्याची बारीक लहर काढणारं यंत्र. दुसरी एक वही. वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या: चौदाशे. जवळचं आकाशवाणी केंद्र ज्या किलोहर्ट्झवर लागायचं, तो हा आकडा. उस्ताद म्हणायचे, पेटी झुकती है, आकडा नहीं झुकता. आधी पेटी केंद्राशी जुळवून घ्यायची, मग तिच्यावर रेडिओ लावायचा. नागप्पा सकाळी घरी लिंगपूजा करून दुकानात आला की वहीला हात लावूनच कामाला बसायचा.

वालूरच्या आसपास रेडिओ घेणाऱ्या निम्म्या लोकांना आकडे वाचता येत नव्हते. म्हणून नागप्पानं एक युक्ती काढली होती. रेडिओ दुरुस्त झाला की काडेपेटीची काडी लाल ऑइलपेंटात बुडवायची आणि काचेवर, जिथं आपलं केंद्र लागतं नेमका तिथं, एक ठिपका द्यायचा. काटा ठिपक्यावर आणला की गाणं सुरू. लोक त्याला टिकली म्हणायचे. पंचक्रोशीत टिकली नसलेला रेडिओ विधवा समजला जायचा, असं नागप्पाच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा नामांतरावरून पेटला होता. लोक बातम्यांसाठी सकाळ-संध्याकाळ रेडिओ कानाला लावून बसत. त्याच सालच्या हिवाळ्यात एका आठवड्यात नागप्पाच्या दुकानापुढं रांग लागली. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, काटा टिकलीवर आणला तर खरखर येते, तीळभर पुढं सरकवला की साफ लागतं. नागप्पानं निदान केलं की यंदाच्या थंडीनं काट्याची दोरी सैल पडली आहे. दोन-तीनशे रेडिओंची दोरी एकाच आठवड्यात, एकाच बाजूला आणि तेवढीच तीळभर कशी सैल पडली, हा प्रश्न त्याला पडला नाही. दुसरा कुणी असता तर त्याला नागप्पानं याच गोष्टीवरून महिनाभर सोलला असता. त्यानं जुन्या टिकल्या खरवडल्या, तीळभर पुढं नव्या दिल्या, आणि प्रत्येकाला रेडिओ कसा जपावा यावर चार शब्द सुनावले.

त्या रांगेत आश्रुबाची बायको कडूबाई होती. आश्रुबा जाऊन वर्ष झालं होतं. रेडिओ त्यानंच घेतलेला, टिकलीही त्यानंच समोर उभं राहून लावून घेतलेली. नागप्पानं पातं घेऊन टिकली खरवडायला हात घातला तसा तिनं रेडिओ ओढून घेतला.

"टिकली पुसायची न्हाई. आमचा रेडिओ जितल्या तितं हाय. टेशनच हललंय."

दुकानात बसलेले दहा-बारा लोक हसले. नागप्पा तर हसता हसता स्टुलावरून उठला. "टेशन हललंय? मावशे, ते काय म्हसरू हाय, दावं तोडून हलाय?"

कडूबाई रेडिओ पदराखाली घेऊन निघून गेली. नागप्पानं मात्र ही गोष्ट सोडली नाही. आल्यागेल्याला तो ती सांगे, तिच्या आवाजाची नक्कल करून सांगे. वर्षाच्या आत वालूरात ती म्हणच होऊन बसली. कुणाची खताची गोणी कमी भरली, कुणाचा पोरगा नापास झाला, आणि त्यानं खापर दुसऱ्यावर फोडलं की लोक म्हणत, कडूबाईचं टेशन हललं. खुद्द कडूबाईसमोरही म्हणत.

पुढं पाचेक वर्षांनी नागप्पाला हौशी बिनतारीचा नाद लागला. घरात बसून स्वतःच्या यंत्रावरून देशभरच्या लोकांशी बोलायचं, आणि त्यासाठी सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा. कानानं ऐकून लिहायच्या तारेच्या टिंब-रेघांच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तेव्हा त्याच्या मते परीक्षकाचे कान गेलेले होते. तिसऱ्यांदा पास झाला, म्हणजे परीक्षक सुधारला असावा. परवाना आला तेव्हा त्यानं तो काचेत मढवून बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी लावला. मॅट्रिकची पायरी न चढलेल्या माणसाच्या नावानं सरकारनं लिहिलेला तो एकच चांगला कागद होता. उन्हाळ्यात पत्रे तापून दुकानात बसवेनासं झालं की नागप्पा मान वर करून त्या कागदाकडं बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. हे मात्र त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

यंत्राचं किट बंगलोरहून पार्सलनं आलं. बोलायची आणि ऐकायची सोय एकाच पेटीत, सुटे भाग स्वतः जोडायचे. हौशी लोकांना सात हजार ते सात हजार शंभर किलोहर्ट्झ एवढाच पट्टा मिळालेला. त्याच्या बाहेर बोलणं म्हणजे गुन्हा. म्हणून यंत्राची आकडेपट्टी आपल्या हातानं बिनचूक आखावी लागते. किटबरोबरच्या कागदात लिहिलं होतं की त्यासाठी खात्रीचा क्रिस्टल, म्हणजे एकाच आकड्यावर अढळ राहणारा स्फटिक, वेगळा मागवावा.

"क्रिस्टल म्हनं," नागप्पा शेजारच्या किराणावाल्या बन्सीधरला म्हणाला. "ज्याला उस्ताद न्हाई त्यानं मागवावा."

त्यानं उस्तादांची पेटी काढली. समोर रेडिओवर केंद्र लावलं. पेटीची लहर केंद्राच्या जवळ नेली की दोघांच्या भांडणातून शिट्टी निघते. जवळ नेत गेलं की शिट्टी जाड होत जाते, आणि दोन्ही लहरी एक झाल्या की मरते. शिट्टी मेली तिथं त्यानं हात थांबवला. ही पेटी झाली चौदाशेवर पक्की. अशी पेटी आपल्या आकड्याच्या दुपटीवर, तिपटीवर, पाचपटीवरही बारीक बोलते, आणि चौदाशे पाचा सात हजार. पेटीच्या पाचपट लहरीवर त्यानं यंत्रातला पट्ट्याचा खालचा काठ लावला, तिथून पुढं पट्टी आखली, आणि टाक पुसून ठेवला. काम देखणं झालं होतं.

दर रविवारी सकाळी मराठवाड्यातले हौशी लोक ऐंशीवर, म्हणजे सात हजार ऐंशीवर, जमत. त्यांचा म्होरक्या परभणीचे किशनराव, तारखात्यातून निवृत्त झालेले, अतिशय सौम्य गृहस्थ. पहिल्या रविवारी नागप्पानं ऐंशीवर काटा नेला तर तिथं कुठल्यातरी परदेशी केंद्रावर बाई गात होती. हौशी मंडळी सापडली ती त्याच्या पट्टीवरच्या साठवर.

"नागप्पा, तुमची पट्टी वीस किलोहर्ट्झ कमी दाखवते," किशनराव म्हणाले. "तेवढी तपासून घ्या."

"आमची पट्टी चुकत न्हाई," नागप्पा माइकवर म्हणाला. "तुमी समदे साठवर बसलाव आन म्हनता ऐंशी. आमच्या गावात म्हन हाय, कडूबाईचं टेशन हललं. तसं हाय हे."

त्यानं म्हणीमागची गोष्टही सांगितली, आवाजासकट. नांदेडचा एक जण हसला. किशनराव म्हणाले, "माझ्याकडं क्रिस्टल आहे. यंत्र घेऊन या एकदा, पाच मिनिटांचं काम आहे." नागप्पानं बटण बंद केलं. टपाल्याकडून रेडिओ शिकायचा म्हणजे हद्द झाली, असं तो महादेवीला म्हणाला.

त्याला मनापासून वाटत होतं की सारा मराठवाडा वीसनं चुकला आहे आणि तो एकटा वालूरात खरं धरून बसला आहे. ऐंशीच्या वर तर त्याला परदेशी केंद्रांची रांगच लागलेली दिसायची. हे चोर आपल्या पट्ट्यात घुसलेत आणि टपाल्यांना त्याचा पत्ता नाही. त्यानं दिल्लीला रजिस्टर पत्र धाडलं. सात हजार ऐंशी ते सात हजार शंभर या हौशी लोकांच्या हक्काच्या जागेत परकी केंद्रं बिनदिक्कत बोलत आहेत, खातं झोपलं आहे काय, असा मजकूर होता. आणि हक्क सांगायचा तर तो वापरलाही पाहिजे, म्हणून त्यानं महिनाभर रोज सकाळी नव्वदवर ठाण मांडून हाका दिल्या. कुणी उत्तर दिलं नाही. बहिरे आहेत सगळे, असं त्यानं ठरवलं.

दोन महिन्यांनी दिल्लीचं उत्तर आलं. नागप्पानं ते मोठ्या आनंदानं फोडलं. आपले प्रक्षेपण सात हजार एकशे दहा किलोहर्ट्झवर, नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर, अनेकदा नोंदले गेले आहे. प्रक्षेपण तात्काळ बंद करावे. तीस दिवसांत दोष शोधून, त्याचे कारण लेखी कळवून, दुसऱ्या परवानाधारकाचा दाखला जोडावा. अन्यथा परवाना रद्द होईल. परकी केंद्रे त्यांच्याच जागी आहेत.

नागप्पानं पत्र तीनदा वाचलं. मग भिंतीवरच्या परवान्याकडं पाहिलं. त्या जागी उद्या नुसता खिळा राहणार, आणि सटवाजी नावाचा रिकामटेकडा, जो रोज दुकानात बसून त्याच्या विनोदांना हसायचा, तो येऊन विचारणार की कागद कुठं गेला.

किशनरावांकडं जायचं नाही हे मात्र पक्कं होतं. दोष आपणच काढायचा. आधी त्यानं उन्हावर संशय धरला. पत्रा तापला की यंत्राची लहर सरकते, हे खरंच होतं. त्यानं यंत्र घरी मधल्या खोलीत नेलं आणि पहाटे एकदा, दुपारी एकदा पाहिलं. फरक पडला दीड-दोनाचा. ऐंशीची हौशी मंडळी अजून साठवरच, म्हणजे वीस जाग्यावर. मग विजेवर. विहिरींवरचे पंप सुरू झाले की वालूरात दिवे मिणमिणतात, म्हणून त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी जोडून पाहिली. वीस. मग त्यानं लहर काढणारं तारेचं वेटोळं उकललं, नव्यानं गुंडाळलं, मेणानं पक्कं केलं, परत उस्तादांच्या आकड्यावर लावलं. वीस. काट्याबरोबर फिरणारा कंडेन्सर बदलून जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला दणकट बसवला, पट्टी पुन्हा आखली. परत वीसच. एकोणीस नाही की एकवीस नाही.

प्रत्येक वेळी तो कुणालातरी शिव्या घालायचा. किटवाल्याला, वीज मंडळाला, तारेच्या कारखान्याला. गिऱ्हाइकांना मात्र हाच नागप्पा वर्षानुवर्षं ऐकवत आला होता की पार्ट बदलून जो दोष जात नाही तो पार्टात नसतोच, एवढी अक्कल बैलालाही असते. बैलाला असेल. नागप्पाला त्या महिन्यात नव्हती. ज्या काठीनं तो मोजत होता ती काठी तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण काठी उस्तादांची होती.

दिल्लीच्या मुदतीतले पाच दिवस उरले असताना, बाजाराच्या दिवशी, कडूबाई दुकानात आली. आता ती चांगलीच थकली होती. रेडिओ मधेच बंद पडतो, एवढंच तिचं गाऱ्हाणं. सटवाजी आणि बन्सीधर बसलेलेच होते. नागप्पाची झोप झालेली नव्हती, डोकं उठलेलं होतं, आणि समोर हक्काचं गिऱ्हाईक आलेलं.

"मावशे," त्यानं रेडिओ उलटा करता करता सटवाजीकडं बघून डोळा मारला, "तुमचं टेशन आलं का मग परत जाग्यावर?"

दोघं हसले.

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "तितंच हाय. चौदाशे चार."

नागप्पा स्क्रू काढत होता. हात थांबला. "काय म्हनलाव?"

"चौदाशे चार."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तीच सांगती की रेडिओतली बाई. रोज सकाळी, गाणं लागायच्या आदी. म्या तवा धार काढाय बसलेली असती. आदी निसतं चौदाशे म्हनायची. मंग एका दिसापसनं चौदाशे चार म्हनाय लागली. म्या त्याच हप्त्यात तुज्याकडं आले व्हते." तिनं जरा आठवून पाहिलं. "तवा लय हसलाव तुमी."

नागप्पानं रेडिओ सुलटा केला. काचेवर आश्रुबाच्या वेळची टिकली होती, पंचक्रोशीतली एकमेव जुनी टिकली, कारण बाकी सगळ्या त्यानं स्वतःच्या हातानं खरवडल्या होत्या. काटा तिच्या तीळभर पुढं होता. त्याच्या डोळ्यांपुढं तो हिवाळा, ती रांग आणि ते दोन-तीनशे रेडिओ उभे राहिले. खाली चौदाशेत चाराचा फरक. वर पाचपट. चार पंचे वीस.

"नागप्पा, काय झालं?" बन्सीधरनं विचारलं.

"काई न्हाई. मावशे, रेडिओ ऱ्हाऊ द्या. परवा न्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं पूजा आटोपती घेतली आणि सकाळी सहाच्या आत रेडिओ लावून बसला. पंधरा वर्षं तो या केंद्राची लहर वापरत होता. बोलणं कधी ऐकलं नव्हतं. बडबड म्हणून शिट्टी मेली की तो आवाज बारीक करून टाकायचा. आता केंद्राची धून वाजली आणि स्वच्छ मराठीत एक बाई म्हणाली, चौदाशे चार किलोहर्ट्झ. अगदी सहज म्हणाली. गेली सात वर्षं ती रोज सकाळी हेच सांगत होती, धार काढणाऱ्या कडूबाईला कळेल अशा भाषेत. नागप्पाला एवढी लाज वाटली की महादेवी चहा घेऊन आली तेव्हा त्याला तिच्याकडं बघवेना.

त्यानं उस्तादांची वही उघडली. चौदाशेखाली त्या दोन रेघा होत्या. उस्ताद खोटं बोलले नव्हते. ते अठ्ठ्याहत्तरच्या आधीच गेले होते, एवढंच. त्यानं पेन्सिलीनं शेजारी बारीक चार लिहिला, आणि मग पट्टी पुन्हा आखली.

यंत्र मांडीवर घेऊन तो एसटीनं परभणीला गेला. किशनरावांनी क्रिस्टल लावला, कानाला हेडफोन लावला, पट्टीवरचे आकडे एकेक करून तपासले. "आता बरोबर आहे," ते म्हणाले आणि दाखल्यावर सही करू लागले. "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

नागप्पाला वाटलं, काहीही सांगावं, कंडेन्सर म्हणावं, उष्णता म्हणावं. माणूस सौम्य होता, त्यानं तेही लिहिलं असतं.

"टेशन हललं व्हतं," नागप्पा म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर साली. आमी जुन्या आकड्यावर बसलो व्हतो."

"हो, तेव्हा निम्म्या जगात आकडे बदलले होते मध्यम लहरींचे," किशनराव म्हणाले. "तुम्हाला वाटलं असेल, साठवर आम्ही बसलोय." आणि ते मान खाली घालून लिहू लागले. हसले नाहीत. हसले असते तर नागप्पाला सोपं गेलं असतं.

दाखला दिल्लीला धाडला, म्हणजे परवाना वाचल्यातच जमा होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा सटवाजी, बन्सीधर आणि आणखी तिघं-चौघं वाटच बघत होते. पायरीवर कडूबाई रेडिओ न्यायला येऊन बसली होती.

"काय निगालं मग यंत्रात?" बन्सीधरनं विचारलं.

"यंत्रात काईच नव्हतं. टेशन हललं व्हतं."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सटवाजीनं मांडीवर थाप मारली आणि सगळे खो खो हसत सुटले.

"आरं, खरं सांगायलोय," नागप्पा म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर साली हललं. कडूबाई म्हनत व्हती तेच खरं व्हतं."

यावर ते आणखी हसले. इतका चांगला त्यानं हा विनोद आजवर केला नव्हता. आवाज न बदलता, तोंड गंभीर ठेवून, आणि कडूबाई समोर बसलेली असताना. "खरं सांगायलोय म्हनं," सटवाजी डोळे पुसत म्हणाला. "टिकलीची शपथ घे, नागप्पा." नागप्पा दोनदा आणखी बोलायला गेला. प्रत्येक वेळी हसणं वाढलं.

शेवटी त्यानं कडूबाईचा रेडिओ पुसला आणि पायरीवर नेऊन तिच्या हातात दिला. "मावशे, टिकली नीट करून देऊ का? तीळभर पुढं."

"ऱ्हाऊ दी," कडूबाई म्हणाली. "कितीक सरकायचं ते मला ठावं हाय."

रेडिओ पदराखाली घेऊन ती बाजाराच्या वाटेनं निघून गेली. मागून कुणीतरी तिच्या आवाजात टेशन हललंय म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. नागप्पानं वळून त्या सगळ्यांकडं पाहिलं. गाढवं, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण या गाढवांना हसायला त्यानंच शिकवलं होतं, सात वर्षं, आवाजासकट, आणि ती नीट शिकली होती. तो स्टुलावर जाऊन बसला आणि त्यांच्याकडं पाठ करून पुढचा रेडिओ उघडायला घेतला.